इंग्रजी येत नाही म्हणून भेट टाळू नका : पूल कुठला, चाळणी कुठली ते ओळखा



आज स्टॉक नाही, उधारी नाही, जीएसटी पण नाही. ‘गिऱ्हाइकाशी पहिली दोन मिनिटं’ हा व्हिडिओ टाकल्यावर मला एक मेसेज आला. त्याचं उत्तर कॅमेऱ्यासमोर देण्यासारखं नव्हतं, आणि दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना बोलायला पण जमलं नसतं. म्हणून लिहितोय.

मेसेज पाठवणारा सत्तावीस वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्ती आणि ॲक्सेसरीजचं दुकान. धंदा स्वतःचा, गाळा भाड्याचा, हाताखाली एक पोरगा. ओळख पटू नये म्हणून मी एक-दोन गोष्टी बदलल्यात, पण मेसेज साधारण असा होता :

“सर, डेटिंग ॲपवर एका मुलीशी ओळख झालीय. ती पुण्यात नोकरी करते. मराठीच आहे, पण लिहिते सगळं इंग्रजीत. दीड महिना झाला. मी तिचा मेसेज एआयमध्ये टाकतो, अर्थ बघतो, आणि उत्तर पण त्याच्याकडूनच लिहून घेतो. तुझं बोलणं आवडतं म्हणते. आता येत्या रविवारी भेटू म्हणतीये. सर, मला इंग्रजी बोलता येत नाही. काय कारण सांगून टाळू?”

बघा, त्याने ‘कसं भेटू’ असं विचारलेलं नाही. ‘कसं टाळू’ असं विचारलंय. हाच मुलगा फुटलेल्या स्क्रीनचं तेराशे रुपये सांगून गिऱ्हाइकाला हसवत हसवत पटवत असणार. आणि एका मुलीसमोर कॉफी प्यायची वेळ आली तर कारण शोधतोय.

मी त्याला हसणार नाही, कारण मी हे सगळं करून बसलोय.

माझी दोन नुकसानं

मी कराडचा. मराठी माध्यम. 2008 साली बीबीए करायला पुण्याला गेलो. बीबीए म्हणजे पुस्तकं इंग्रजी, लेक्चर इंग्रजी, प्रेझेंटेशन इंग्रजी. पुस्तकातलं इंग्रजी मी पाठ करून काढलं. अडचण लेक्चर संपल्यावर व्हायची. कँटीनमध्ये सात-आठ जणांचा ग्रुप बसायचा, त्यात मी पण असायचो. पण पहिलं वर्षभर मी तिथं जवळजवळ बोललोच नाही. वाक्य आधी डोक्यात मराठीत तयार व्हायचं, मग त्याचं इंग्रजी, मग ‘डिड’ नंतर ‘वेंट’ येतं का ‘गो’ याची तपासणी. तोपर्यंत विषय क्रिकेटवरून सिनेमावर गेलेला असायचा. सगळे हसले की मी पण हसायचो, अर्धा सेकंद उशिरा. तुमच्यातल्या ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

वर्गातली एक मुलगी मला आवडायची. तिच्या घरी मराठीच बोलत असणार हे आडनावावरून पहिल्या दिवशीच माहीत होतं. तरी मी एकदाही मराठीत सुरुवात केली नाही, कारण ग्रुपची भाषा इंग्रजी हे जणू ठरूनच गेलेलं. तीन वर्षांत तिच्याशी जे काही बोललो ते नोट्सबद्दल. सेंड-ऑफच्या दिवशी ती म्हणाली, “तू खूप शांत आहेस ना.” इकडं घरी माझी आई म्हणायची, “ह्याच्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावा.”

हे झालं पहिलं नुकसान. दुसरं 2016 चं.

तोपर्यंत मी वडिलांच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात बसायला लागलो होतो. मामांनी एक स्थळ आणलं. मुलगी इंजिनिअर, पुण्यात नोकरी, मूळची बार्शीची. तिची अट एकच होती : कांदेपोहे वगैरे नंतर, आधी दोघांनी बाहेर भेटायचं. चांगली अट होती. कर्वे रोडवरच्या एका कॅफेत भेटलो. ती म्हणाली, “हाय, नाइस टू मीट यू.” मी म्हणालो, “नाइस टू मीट यू टू.” आणि इथून पुढं चाळीस मिनिटं आमचा जॉब इंटरव्ह्यू चालला. तिने हॉबीज विचारल्या. मी ‘रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग’ सांगितलं. खरं सांगायचं तर मी तीन वर्षांत एक पुस्तक उघडलं नव्हतं, आणि माझा प्रवास म्हणजे महिन्यातून एकदा बुधवार पेठेत माल आणायला. पण ‘बुधवार पेठेत वायरच्या बंडलावर भाव कसा पाडतात’ याची मजा मला इंग्रजीत सांगता येत नव्हती, आणि ‘रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग’ सांगता येत होतं. म्हणून मी ते सांगितलं.

मध्येच तिच्या आईचा फोन आला. “अगं, आहे इथंच. निघतेच. नाही गं, काय खाल्लं नाही अजून, कॉफीच पितेय नुसती.” अगदी बार्शीच्या घरात उभी असल्यासारखी बोलली. फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं, “सॉरी, मॉम,” म्हणाली. आणि आम्ही दोघं परत इंग्रजीत गेलो.

आज मला त्या क्षणाचं हसू येतं आणि वाईट पण वाटतं. दार उघडं झालं होतं. दोघांपैकी एकाने आत पाय टाकायचा होता. कुणीच टाकला नाही.

दोन दिवसांनी मामांकडून निरोप आला : मुलगा चांगला आहे, पण फार फॉर्मल वाटला. मला आधी राग आला. वाटलं, दुकानदार म्हणून नको असेल, शब्द फिरवून सांगतायत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता, आठवत असेल. शेतकरी आणि दुकानदाराच्या पोरांना स्थळं मिळताना काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवसाबद्दल मी आता वेगळं म्हणतो. ती ज्याला भेटली तो खरंच फॉर्मल माणूस होता. त्याला विनोद येत नव्हता, रागलोभ नव्हता, त्याला फक्त रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग आवडत होतं. मी तिच्या जागी असतो तर मी पण नाहीच म्हणालो असतो.

पूल आणि चाळणी

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडं इंग्रजी दोन कामांसाठी वापरलं जातं, आणि आपण ती दोन्ही कामं एकच समजतो.

एक काम पुलाचं. मी मराठी, समोरचा तमिळ. मला तमिळ येत नाही, त्याला मराठी येत नाही. मध्ये इंग्रजी आहे म्हणून दोघं बोलू शकतो. दोघंही आपापल्या काठावरून अर्धं अर्धं चालून येतात. इथं इंग्रजीचे उपकारच आहेत.

दुसरं काम चाळणीचं. दोघंही मराठी, दोघांच्या आया फोनवर मराठीत बोलतात, आणि तरी पहिली भेट इंग्रजीत. इथं कुणाला पलीकडं जायचं नसतं. कोण बारीक, कोण जाडंभरडं हे बघायचं असतं. शाळा कुठली, घर कसलं, गाव केवढं, हे थेट विचारायला बरं दिसत नाही, म्हणून ते इंग्रजीतून चाळून घेतलं जातं. समोरचा मुद्दाम करतो असं नाही. बऱ्याचदा त्याला पण भीती असते की आपण मराठीत बोललो तर आपलीच किंमत कमी होईल. त्या बार्शीच्या मुलीला माझ्याइतकंच टेन्शन असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

2011 च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे लोक अख्ख्या भारतात साधारण 2 लाख 60 हजार होते. मराठी मातृभाषा सांगणारे साधारण 8 कोटी 30 लाख. म्हणजे तुमच्यासमोर कॅफेत बसलेल्या माणसाची पहिली भाषा इंग्रजी असण्याची शक्यता जवळपास नाहीच. तो पण शिकलेलीच भाषा बोलतोय. तुमच्यापेक्षा दहा वर्षं आधी शिकला, एवढाच फरक. तुम्ही ज्याला घाबरताय तो त्या भाषेचा मालक नाही, तो पण भाडेकरूच आहे.

मग सरळ मराठीत का बोलत नाही?

‘मराठीत बोला’ म्हणणं सोपं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण पहिल्या भेटीत मराठी बोलायला जड का जातं, याची खरी कारणं मला सांगायचीत, कारण ती कुणी सांगत नाही.

पहिलं कारण ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत एकच ‘यू’. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं. पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हटलं तर आगाऊपणा, ‘तुम्ही’ म्हटलं तर बँकेत बसल्यासारखं. मी कितीतरी जणांना बघितलंय, हा निर्णय टाळायचा म्हणून ‘कॉफी घेणार का?’ असली वाक्यं करतात, ज्यात कर्ताच नसतो. मग तेही जमेनासं झालं की इंग्रजीत पळतात.

दुसरं कारण प्रेमाचे शब्द. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणायला गेलं की आपल्यालाच नाटकात उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘आय लव्ह यू’ हलकं वाटतं, कारण ते आपल्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं आपण ऐकलेलं नसतं. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मराठीत त्याला वाट आहे. ‘मला तू आवडतेस’ यात नाटक काही नाही. ‘पोहोचलीस की कळव’ यात तर शब्दही नाही प्रेमाचा, आणि सगळं येतं.

तिसरं कारण सगळ्यात अवघड. मराठीत पण चाळणी आहे. ‘पानी’ म्हटलं की कोण कुठला ते कळतं. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘करायलोय’ म्हटलं की पुण्यात काहींच्या ओठाचा कोपरा हलतो. माझ्या बॅचमधला लातूरकडचा एक पोरगा मला म्हणाला होता, “सर, माझं मोडकं इंग्रजी लोक चालवून घेतात, पण माझी मराठी ऐकली की हसतात.” म्हणून तो मोडक्या इंग्रजीत बोलायचा. ज्यांना आपल्या शुद्ध मराठीचा अभिमान आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मराठी पोरं इंग्रजीमागं लपतात त्यात आपला पण हात आहे.

आणि हे फक्त पोरांचं नाही. माझ्या बॅचला बारामतीकडची एक ताई होती, स्वतःचं पार्लर चालवणारी. लग्न ठरलेलं, होणारा नवरा पुण्यात. मुलगा चांगला, तिच्याशी मराठीतच बोलायचा. पण त्याच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये गेली की सगळं इंग्रजी. तो बिचारा तिला कानात विनोद समजावून सांगायचा. ती म्हणाली, “सर, विनोद समजावून सांगितला की तो मेलेला असतो, आणि मला त्या मेलेल्या विनोदावर हसायला लागतं.” पार्लरमध्ये नवरीला तयार करताना सगळी खोली हसवणारी बाई.

एआयकडून लिहून घेणं म्हणजे काय

आता आपल्या मित्राकडं येऊ. मित्रा, तू मोबाईलच्या धंद्यात आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. बॉक्स एका कंपनीचा आणि आतला चार्जर दुसराच, असं कुणी विकलं तर काय होतं? पहिल्या दिवशी विकला जातो. नंतर रिटर्न येतो, आणि येताना गिऱ्हाईक घेऊन जातो.

तिचा मेसेज समजून घ्यायला एआय वापरलास, त्यात काही गैर नाही. आपण डिक्शनरी वापरायचो, तू हे वापरलंस. पण उत्तर त्याने लिहिलं आणि नाव तुझं लावलं, इथं गडबड आहे. ती दीड महिना कुणाशी बोलतेय हे तिला माहीत नाही. तिचा पण रविवार आहे, ती पण काहीतरी मनात धरून येणार आहे.

पण थांब, सगळंच खोटं होतं असंही नाही. एआयला तू काहीतरी मराठीत सांगत असशीलच ना? ‘तिला सांग की आज लाईट नव्हती, मी दुकानाच्या पायरीवर बसून टॉर्चमध्ये डिस्प्ले बसवला.’ असं काहीतरी. ते सगळं तुझ्या फोनमध्ये अजून आहे. आज रात्री दुकान बंद केलं की ते उघड आणि वर वर जाऊन वाच. ते तुझं बोलणं आहे. तिला आवडलेल्या गोष्टींतल्या बऱ्याच गोष्टी मुळात तिथल्याच असतील. इंग्रजी त्याचं होतं, लाईट तुझ्या दुकानाची गेली होती.

माझं तिसऱ्यांदा कसं जमलं

2018 मध्ये मी माझ्या बायकोला पहिल्यांदा भेटलो. ती फलटणची, इंग्रजी माध्यमाची, औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. यावेळी मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, “एक आधीच सांगतो. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. मराठीत बोललो तर मी बरा माणूस आहे.” ती म्हणाली, “मग मराठीतच बोला. मला पण इंग्रजीत भांडता येत नाही.”

दोन तास बसलो. बुधवार पेठेची गोष्ट सांगितली. तिने लॅबमधल्या साहेबाची नक्कल केली. उठताना ती म्हणाली, “तुमच्या, म्हणजे, तुझ्या दुकानाच्या बोर्डावर इलेक्ट्रिकलचं स्पेलिंग चुकलंय. फोटोत दिसलं.” ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला तो स्पेलिंगच्या चुकीवरून. बोर्ड मी बदलला, हे वेगळं सांगायला नको.

इथं गोष्ट संपवली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण खरी गोष्ट पुढं आहे.

लग्नानंतर वर्षभराने तिच्या मैत्रिणीच्या रिसेप्शनला आम्ही बेंगळुरूला गेलो. तिथं कुणी कन्नड, कुणी तमिळ, कुणी बंगाली. सगळे इंग्रजीत बोलत होते, आणि त्यात शायनिंग मारण्याचा काही प्रकार नव्हता. त्यांच्याकडं दुसरी सामायिक भाषाच नव्हती. मी काय केलं? तीन तास डोशाच्या काउंटरपाशी उभा राहिलो. मनात म्हणत राहिलो की हे लोक भाव खातायत. परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू माझ्या लोकांत आलासच नाहीस.”

ते मला लागलं, कारण ते बरोबर होतं. तो पूल होता, आणि मी त्याला चाळणी समजून बाहेर उभा राहिलो. पुलावर न जाण्याला स्वाभिमान म्हणत नाहीत. तिथं आपण कमी पडलो असं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

‘इंग्लिश विंग्लिश’ तुम्ही बघितला असेल, 2012 चा, श्रीदेवीचा. त्यातली शशी गोडबोले घरातून लाडू विकणारी, म्हणजे आपल्याच धंद्यातली बाई. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांनी तो आपल्या आईवरून सुचल्याचं सांगितलंय. त्यांच्या आईचा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय होता. त्यात मला दोन गोष्टी आवडतात. एक, शशी हिंदीत आणि तो फ्रेंच स्वयंपाकी फ्रेंचमध्ये बोलतो आणि दोघांना मन मोकळं करता येतं. दुसरी, ती इंग्रजी शिकते, लग्नात सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलते, आणि परतीच्या विमानात मात्र हिंदी पेपर आहे का विचारते. पूल बांधला, घर सोडलं नाही.

पुलासाठी कामापुरतं इंग्रजी

मी कुठल्या क्लासला गेलो नाही. जे केलं ते सांगतो.

1. दुकानातल्या तीन गोष्टी निवडल्या आणि त्या सोप्या इंग्रजीत सांगायची तयारी केली. बुधवार पेठेचा भाव, ऐन दिवाळीत सगळ्या माळा एकदम बंद पडल्या तो दिवस, आणि वडिलांनी मला पहिल्यांदा गल्ल्यावर बसवलं ते. आपण गिऱ्हाइकाला माल दाखवायची तयारी करतो की नाही? तसंच. गोष्ट आपली असली की व्याकरण थोडं लंगडलं तरी लोक ऐकतात.

2. एक वाक्य पाठ केलं : “आय थिंक इन मराठी, सो गिव्ह मी अ मिनिट.” हे हसून म्हटलं की समोरचा थांबतो. बंगाली माणूस असेल तर म्हणतो, “सेम हिअर.” तिथंच निम्मी मैत्री होते. समजलं नाही तर “कॅन यू से दॅट अगेन?” म्हणायचं. न समजता मान हलवायची नाही. ती सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

3. ग्रुपमध्ये घुसायचा प्रयत्न सोडला. आठ जणांच्या गप्पांचा वेग वेगळाच असतो. कार्यक्रमाला अर्धा तास लवकर जायचं, तेव्हा माणसं कमी असतात, एकेकाशी बोलता येतं. दोघांशी नीट ओळख झाली की नंतर तेच आपल्याला ग्रुपमध्ये ओढून घेतात.

4. प्रश्न विचारायला शिकलो. प्रश्न छोटा असतो, उत्तर मोठं असतं, आणि चांगला दुकानदार मुळात प्रश्न विचारणाराच असतो. ‘बेडरूमसाठी पंखा हवा का हॉलसाठी’ हे आपण दिवसातून वीस वेळा विचारतो.

5. सराव धंद्यातच केला. आमच्याकडं पंपासाठी कोइमतूरचा एक माणूस फोन करायचा. त्याला हिंदी जेमतेम. आधी मी भावाला फोन द्यायचो. मग मीच घ्यायला लागलो. दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण ऑर्डर कधी चुकली नाही. आणि आमच्या वायरमनकडं बघा. सातवी शिकलाय, पण फेज, न्यूट्रल, अर्थिंग, शॉर्ट, सगळं बिनधास्त बोलतो. त्याला कुणी इंग्रजी शिकवलं नाही, कामाने शिकवलं.

परवा बेंगळुरूचीच मंडळी आमच्या घरी आली होती. मी काही फाडफाड बोललो नाही. पण दिवाळीच्या माळांची गोष्ट सांगितली, आणि यावेळी सगळे हसले तेव्हा मी आधीच हसत होतो.

ज्यांना इंग्रजी येतं त्यांना एक विनंती

आपले बरेच वाचक चांगले शिकलेले पण आहेत, त्यांच्यासाठी. टेबलावर पाच जण मराठी असतील आणि एक जण गप्प असेल, तर तो शांत स्वभावाचा आहे असं लगेच ठरवू नका. एकदा मराठीत काहीतरी विचारून बघा. टेबलावर एखादा अमराठी असेल तर इंग्रजी चालू द्या, पण वेग कमी करा. आणि कुणी ‘पानी’ म्हणालं तर पाणी प्या, दुरुस्ती करू नका. एवढ्याशा गोष्टीने एखाद्याची वर्षभराची गप्पगिरी सुटते. माझी तीन वर्षं गेली, कारण विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि हो, मला पण सुचलं नाही.

मित्रा, आता तुझा रविवार

तुझा हा पूल नाही. ती मराठी आहे. दोन मराठी माणसं भेटतायत. म्हणून टाळायला कारण शोधू नकोस, आणि चार दिवसांत इंग्रजी शिकायच्या मागं पण लागू नकोस. भेटायच्या आधी तिला एक मेसेज पाठव. तुझ्या हाताने, मराठीत, एआयला न दाखवता. मी मजकूर देत नाही, नाहीतर एआयच्या जागी मी आलो. पण त्यात तीन गोष्टी असू देत : इंग्रजी मेसेज तू कसे लिहीत होतास ते, त्याबद्दल सॉरी, आणि तुला तरी पण तिला भेटायचंय हे. ‘तू’ म्हणायचं का ‘तुम्ही’, हे पण तिलाच विचार. विचारायला सोपा आणि बोलणं सुरू करायला त्याच्यासारखा प्रश्न नाही.

ती रागावू शकते. तो तिचा हक्क आहे. ती भेट रद्द पण करेल कदाचित. मराठीत बोलणारा दुकानदार नको म्हणून रद्द केली, तर ते तुला रविवारी कळण्यापेक्षा शुक्रवारी कळलेलं बरं. तू खरं सांगितलं नाहीस म्हणून रद्द केली, तर ती चूक तुझी, आणि ती इंग्रजी न येण्याची चूक नव्हे, हे लक्षात ठेव. पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच सांगशील. मी दोन नुकसानं करून शिकलो, तुझं एकात भागेल.

आणि आली, तर गर्दीच्या जागी भेट, तिला घरी जायची घाई असेल तर थांबवू नकोस, आणि तुझ्या दुकानाची एक तरी गोष्ट सांग. ती पायरीवर टॉर्चमध्ये बसवलेल्या डिस्प्लेसारखी, जी काही तुझी असेल ती.

सोमवारी दुकान उघडलं की मला मेसेज टाक. काय झालं ते सांग. मराठीतच.